न वाळणारा दगड

ओडेलिया मावशीची बरणी परत करायची होती, एवढ्यासाठीच सायलस त्या दुपारी घराबाहेर पडला. वसंतात तिने माशाच्या तेलाची बरणी दिली होती. तेल कधीच संपलं होतं, बरणी धुऊन खिडकीत पडून होती, आणि रिकामी कशी परत द्यायची म्हणून मार्जरीने तीत धुरी दिलेल्या सॅमनच्या पट्ट्या भरल्या.

"मावशीकडे दोन घटका बस," ती नवऱ्याला म्हणाली. "वर्ष होत आलं. दारातूनच बरणी देऊन पळून येऊ नकोस."

"मी कशाला पळेन?"

"ते तुलाच ठाऊक."

वर्ष होत आलं होतं ते क्लेटनला. क्लेटन म्हणजे मावशीचा मुलगा, सायलसचा धाकटा मावसभाऊ. मागल्या ऑक्टोबरात तो हॅलिबट मासे धरायला गेला आणि त्याची होडी तेवढी परत आली. स्किडेगेट या त्यांच्या बेटावरच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचाराल तर बुडालेला माणूस मरत नाही, तो पाण्याखालच्या गावात देवमाशांकडे राहायला जातो. सायलस अशा गोष्टींवर मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, तिथेही सगळे त्याचंच कौतुक करत असतील.

कारण सायलसचं सगळं आयुष्य त्या कौतुकाच्या सावलीत गेलं होतं. दोघांना कोरीवकाम शिकवलं अँब्रोज मामानं, एकाच बाकावर बसवून. या हायडा लोकांत मामाचं जे काही असतं ते भाच्याकडे जातं, आणि मामाकडे सगळ्यात मोलाचं काय होतं, तर त्याचं नाव. त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं नाव. ते उगाच कुठेही उच्चारायचं नसतं म्हणून मी इथे लिहीत नाही. त्याचा अर्थ होतो 'भरती ऐकणारा'. थोरला भाचा सायलस. बाकावर आधी बसला सायलस. आणि मामा थकला तेव्हा भर मेजवानीत, चारशे माणसांच्या देखत, त्यानं ते नाव दिलं क्लेटनला. सायलसनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या अजून त्याच्या तळहातांना झोंबत होत्या.

मावशीनं त्याला बसवलं, चहा दिला, आणि आतल्या खोलीतून ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी छातीशी धरून आणलं.

"क्लेटनचं शेवटचं काम," ती म्हणाली. "वर्षभर मी रोज पाणी शिंपडत आले. पुढच्या महिन्यात त्याची मेजवानी करायची, दुःख संपवायचं. त्याआधी हे पुरं व्हायला हवं. तू करशील?"

"मी?"

"मग कोण? अन् नावही मोकळं ठेवून चालत नाही, सायलस. मेजवानीत ते कुणाला तरी द्यायचंच आहे." तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "नुसतं तोंड राहिलंय. क्लेटन म्हणायचा, तोंड शेवटी करणार. कुणाचं ते दादाला बघितल्याबरोबर कळेल."

सायलसनं हात पुढे केले. "सांभाळून धर," मावशी म्हणाली. "आधीच एक पेर कमी आहे तुला." डाव्या करंगळीचं पेर तरुणपणी मासळीच्या कारखान्यात गेलं होतं, त्यावरून ती अजून चिडवायची. पण आज हसली नाही.

स्वतःच्या घरामागच्या शेडमध्ये त्यानं गोणपाट सोडलं. आत त्यांच्या डोंगरातली काळी पाटी होती. गाळ साचून झालेला हा दगड इतका बारीक कणांचा असतो, की पटाशी त्यात साबणासारखी चालते. डोंगरावरून तो हायडा माणसानंच काढायचा, स्वतःच्या पाठीवरून उतरवायचा, आणि काम पुरं होईपर्यंत ओला ठेवायचा. अर्धवट कोरलेल्या पाटीची ओल एकदम गेली की टिच्च असा आवाज होतो आणि वर्षाची मेहनत दोन तुकडे होऊन हातात येते.

सायलसनं दगड समोर उभा केला. त्यांच्या घराण्याची खूण असलेला देवमासा लाटेतून वर येत होता. उंच पंख, पोटात दुमडलेली लाट, डोळ्याच्या कडेची ती रेघ. सायलसनं जन्मभर जी रेघ काढायचा प्रयत्न केला आणि जी प्रत्येक वेळी केसभर जाड आली, ती ही रेघ. पंखाला धरून पाठीवर एक माणूस बसला होता. त्याच्या तोंडाच्या जागी नाक-डोळे काही नव्हते, नुसता गुळगुळीत दगड होता.

स्वतःलाच बसवलंन, सायलसच्या मनात आलं. देवमाशावर स्वार. दुसरं कोण असणार?

मग त्याला एक गोष्ट दिसली आणि त्याच्या जिवाला गार वाटलं. पंखावरच्या हाताची करंगळी आखूड होती. चुकला होता पठ्ठ्या. एवढा मोठा कारागीर, बोट पुरतं काढायला विसरला. सायलसनं बारकी पटाशी घेतली आणि पंखाच्या दगडातूनच एक पेर वाढवून ते बोट पुरं करून टाकलं. कोपऱ्यात कुणीतरी श्वास सोडल्यासारखा आवाज झाला. त्यानं मागे पाहिलं. शेगडीतलं ओलं लाकूड असेल.

"बघू तरी," म्हणत मार्जरी दाराशी आली. या लोकांच्या दोनच बाजू, गरुड आणि डोमकावळे; ती गरुडांकडची, आणि हे दोघं भाऊ डोमकावळ्यांकडचे. लग्न नेहमी दुसऱ्या बाजूला करायचं, त्यामुळे तिला तरुणपणी दोघांपैकी कुणालाही हो म्हणता आलं असतं. सायलसला हे आठवल्याशिवाय एक दिवस जात नसे. ती दगडावर वाकली.

"किती जिवंत आहे रे," ती हळूच म्हणाली. "इथेच कुठेतरी बसलाय असं वाटतं. हसायचा कसा, भुवई वाकडी करून... आठवतं?"

"आठवतं," सायलस म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं गोणपाट घडी करून बाजूला ठेवलं, दगड शेगडीजवळच्या फळीवर ठेवला आणि शेगडीत दोन ओंडके जास्त घातले. उद्यापर्यंत तडकेल. मावशीला सांगता येईल, दगडातच शीर होती, क्लेटननं नीट वाजवून घेतला नसेल. मग मेजवानीसाठी आपणच नवा देवमासा करू. मग लोक आपला बघतील. आपल्याला त्याची लाज वाटत नाही, याचं त्याला जरासं नवल वाटलं, एवढंच.

सकाळी दगड ओलाच होता.

ओला म्हणजे दमट नव्हे. पाणी निथळत होतं, फळीवरून थेंब खाली पडत होते आणि मातीत छोटं तळं झालं होतं. छप्पर गळतंय का, ते त्यानं पाहिलं. कोरडं होतं. त्यानं दगड फडक्यानं पुसला, शेगडीच्या आणखी जवळ सरकवला. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. शेडमध्ये शेवाळाचा आणि ओहोटीच्या चिखलाचा वास भरून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी खारट होतं.

आणि मग टिच्च असा आवाज झाला.

त्यानं आनंदानं फळीकडे पाहिलं. क्लेटनचा दगड जसाच्या तसा होता. आवाज कोपऱ्यातून आला होता. तिथे सायलसचे स्वतःचे दगड होते, दोन दोन ओल्या गोणपाटांत गुंडाळून, वरून प्लास्टिक बांधून ठेवलेले. त्यानं घाईघाईनं एक सोडला. आतलं गोणपाट ठणठणीत कोरडं पडलं होतं आणि पाटीचे दोन तुकडे झाले होते. तो ते तुकडे हातात घेऊन उभा असतानाच दुसरा तडकला. मग तिसरा. आठवडा संपेपर्यंत त्याच्याकडे कोरण्याजोगा एकही दगड उरला नाही.

"डोंगरावर जातोस तर कुणाला तरी बरोबर घे," मार्जरी म्हणाली. "धुकं बघ किती आहे."

"आणायचा एक दगड. त्याला वरात कशाला?"

"पूर्वी क्लेटन असायचा बरोबर."

"आता नाही ना," सायलस म्हणाला आणि पाठीवरचा पट्टा आवळून निघाला.

वाट ओढ्याकाठानं वर जाते. धुकं झाडांच्या बुंध्यांपर्यंत उतरलं होतं, शेवाळानं पावलांचा आवाज गिळला होता, आणि वर कुठेतरी एक डोमकावळा घशातल्या घशात बोलत होता. खाणीपाशी पोचेस्तोवर दुपार कलली होती, पण उजेड सकाळपासून होता तसाच राखाडी होता. सायलसनं पहिली पाटी उचलली आणि बोटाच्या पेरानं वाजवली. चांगली पाटी घंटेसारखी बोलते. ही लाकडासारखी बोलली. त्यानं दुसरी घेतली. तीही मुकी. ज्या थरातून मामानं, मामाच्या मामानं दगड नेला, त्या थरातली एकही पाटी त्याला आवाज देईना.

तेवढ्यात धुक्यात वरच्या अंगाला कुणीतरी दगड वाजवला.

टक्‌ टक्‌.

स्वच्छ, गोड आवाज. सायलसच्या हातातली पाटी सुटली. क्लेटन असाच वाजवायचा, दोनदाच, आणि मग कान टेकवून म्हणायचा, "दादा, हा हो म्हणाला."

"कोण आहे?"

धुकं हललं नाही. कावळाही गप्प झाला होता. मग ओल्या कपड्यांतून पाणी ठिबकावं तसं ठिबकणं ऐकू आलं... आधी वर, मग उजव्या हाताला, मग अगदी पाठीमागे. ओहोटीचा तोच वास आला. सायलसला वळता येईना. मानेवर एक थेंब पडला आणि पाठीच्या कण्यावरून खाली गेला.

"काय पाहिजे तुला?" तो पुटपुटला. "सगळं तर तुलाच मिळालं... मामाचा हात, मामाचं नाव... आता आणखी काय?"

मग कानाशी, थट्टेचा लवलेश नसलेला तो ओळखीचा आवाज.

"दादा... तोंड राहिलंय."

तो डोंगर कसा उतरला हे त्याला नीट आठवत नव्हतं. पाठ रिकामी होती, तरी वाटभर खांद्यांवर पट्टा काचत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं हत्यारं परजली. शेगडी पेटवलीच नाही. भीती होती, नाही कशी? पण खरं सांगायचं तर भीतीच्या खाली तीच जुनी आग होती. मेला तरी याला स्वतःचंच तोंड हवंय. घे तर मग. सायलसनं बारकी पटाशी लावली आणि जन्मात प्रथमच त्याचा हात अडखळला नाही. वाकडी भुवई. जिवणीची डावी कड किंचित वर, हसू येता येता थांबलेली. नाकपुड्यांची ठेवण. मध्ये मध्ये त्याला वाटायचं, आपला हात कुणीतरी मनगटापाशी गार बोटांनी मागे ओढतंय. तो झटकायचा आणि आणखी दाबून कोरायचा. कशाकडे बघावं लागत नव्हतं त्याला. इतकी वर्षं त्यानं दुसरं केलं काय होतं, ते एक तोंड बघत राहण्यापलीकडे?

शेवटची रेघ केसासारखी बारीक आली. त्यानं हात काढला आणि त्याच्या डोळ्यांदेखत दगड वाळला. पाणी कडांकडून आत ओढलं गेलं, वास गेला, आणि कोरडा, काळा, गुळगुळीत देवमासा फळीवर उरला. तडा कुठेही नव्हता.

मेजवानीच्या सकाळी तो दगड घेऊन मावशीकडे गेला. तिथे दोन-चार बायका बटाटे सोलत होत्या. दगड पाहून त्यांनी सुऱ्या खाली ठेवल्या.

"क्लेटनचाच हात," एक जण म्हणाली. "जणू त्यानंच येऊन पुरं केलं."

असं सुंदर काम सायलसनं कधी केलं नव्हतं, आणि तेही क्लेटनचंच ठरलं.

मावशी मात्र पुढे आली आणि तोंडावरून अंगठा फिरवून थांबली. बायकांना तिने हळूच बाहेर घालवलं.

"हे तर क्लेटनचं तोंड आहे."

"मग कुणाचं हवं होतं?"

"तुझं." ती खुर्चीवर बसली. "तो तुलाच देणार होता ते नाव, सायलस. आपणहून. मला म्हणाला, आई, मामानं चूक केली, दादा थोरला, मला ते जड होतं. त्या हिवाळ्यात सगळ्यांसमोर हा दगड तुझ्या हातात ठेवणार होता. म्हणायचा, तोंड शेवटी करतो, कारण दादा माझ्याकडे सरळ बघतच नाही, बघेल त्या दिवशी करीन..." तिने दगड उजेडाकडे वळवला. "अन् तुला कळलं कसं नाही रे? मुद्दाम खूण ठेवली होती त्यानं. ते बोट बघितलं नाहीस?"

तिचं बोट पंखावरच्या हातापाशी आलं आणि तिथेच राहिलं. करंगळी पुरती होती. सायलसनं आपला डावा हात खिशात घातला.

"मावशी... आता काय करायचं?"

"आता काय करणार? पाहुणे आलेत." तिचा आवाज एकदम म्हातारा झाला. "नाव तर द्यावंच लागेल. पण हा दगड नावाबरोबर द्यायचा होता, अन् माणसाचं तोंड आपण ज्यावर कोरतो, ते त्याचं होतं. तुझ्या मामानं शिकवलं असेल तुला."

शिकवलं होतं. बाकावर आधी तोच तर बसला होता.

सभागृह भरलं. समोर गरुडांकडची मंडळी साक्षीला बसली, मार्जरी त्यांच्यात होती. सायलसच्या खांद्यांवर शिंपल्याच्या गुंड्यांची घोंगडी घातली गेली. दगड बाजूच्या मेजावर होता, वर लाल फडकं. ज्या क्षणासाठी त्यानं आयुष्य काढलं तो हा क्षण होता, आणि त्याला फक्त एवढंच कळत होतं की त्याचं तोंड कोरडं पडलंय. ओडेलिया मावशी काठी टेकत उभी राहिली. सगळीकडे शांतता झाली. तिने ते नाव घेतलं, मोठ्यानं, सर्वांना ऐकू जाईल असं.

सायलसनं ओ द्यायला तोंड उघडलं.

टक्‌ टक्‌.

आवाज फडक्याखालून आला. स्वच्छ आणि गोड. सायलसचे हात घोंगडीत होते. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी समाधानानं माना डोलवल्या. त्यांना वाटलं यानंच मेज वाजवून हो म्हटलं, क्लेटनची आठवण म्हणून. कुणीतरी म्हणालंही, छान केलं. मावशी तेवढी सायलसकडे बघत नव्हती. ती फडक्याकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मग टाळ्या सुरू झाल्या. त्या कुणासाठी होत्या हे त्या सभागृहात दोनच माणसांना माहीत होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दगड मावशीकडे होता, ती गेल्यावर सायलसकडे आला. तो त्याला शेडमध्ये ठेवतो, पाठमोरा. सकाळी तो दाराकडे तोंड करून असतो. सायलसनं त्यानंतर पटाशी हातात धरलेली नाही. घाबरतोस का, असं त्याला विचारलं तर तो नाही म्हणेल, आणि ते खोटं नसेल. भीतीची माणसाला सवय होते. तिच्या खालच्या त्या जुन्या आगीची होत नाही.

मार्जरी त्याला अजून मधूनमधून थट्टेनं त्या थोर नावानं हाक मारते. तसं करू नये, पण बायकोला कोण सांगणार? दुपारी स्वयंपाकघरातून ती हाक मारते, चहा झालाय म्हणून. सायलस समुद्राकडच्या बाकावर असतो. ओ देण्याआधीच त्याला शेडमधून तो आवाज ऐकू येतो, दोनदा. आणि मग स्वयंपाकघरात मार्जरीचं हसणं ऐकू येतं, तरुणपणी हसायची तसं.

तो धावत आत जातो. मेजावर त्याचा पेला असतो. रिकामा, अजून गरम.

"आत्ता तर प्यायलास," मार्जरी म्हणते. "आणखी हवाय का?" आणि ती फडकं घेऊन त्याच्या खुर्चीवरचं पाणी पुसायला लागते.